लेन्स, चिठ्ठी आणि भिंतीवरचं माझं नाव

चष्म्याच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते चालत येतात. माणूस डोळे तपासायला खुर्चीत बसला, हनुवटी मशीनवर टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि "आता हलू नका" असं सांगितलं, की त्याला हमखास बोलायचं असतं. साहेब, सासू, शेजारी, कंपनीची बस, सगळं त्याच वेळी बाहेर येतं. माझे निम्मे किस्से त्या खुर्चीतले आहेत.

फरक एवढाच, की बाकीचे लोक किस्सा घडताना हसतात. मी आधी घाबरते, डोळा तपासते, तो नीट आहे याची खात्री करते आणि मग पुष्कळ दिवसांनी हसते. काहींचं हसू तर अजून यायचंय.

कारण सांगते. मी ऑप्टोमेट्रिस्ट. डोळे तपासून नंबर काढणं माझं काम. औषधं आणि ऑपरेशन डोळ्यांच्या डॉक्टरांचं. बोईसरला चुरीकाकांच्या दुकानात मी बसते. काका चिंचणीकडचे, चिकूची वाडी सांभाळून दुकान बघतात. काउंटरवर रेखाताई, सालवडला राहतात. आम्ही तिघंच. आता चष्मा नाकावर बसतो, पण कॉन्टॅक्ट लेन्स थेट बुबुळावर बसते, म्हणून कायद्याने ती वैद्यकीय उपकरण. ती विकायला नोंदणीचं सर्टिफिकेट लागतं. खरेदीची बिलं, बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं विचारलं की दाखवता आलं पाहिजे. आणि हे सगळं कोणाच्या देखरेखीखाली चालतं, त्या माणसाचं नाव लागतं.

ते नाव माझं! काकांनी सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या शेजारी लावलंय. लोक आत आले की गणपतीला हात जोडतात, आणि मी सर्टिफिकेटकडे बघते. कुणाचा डोळा गेला तर गणपतीला कोणी विचारणार नाही.

*

लग्नाचे मुहूर्त तोंडावर आले होते. रंगीत लेन्स मागणाऱ्या मुलींची दुकानात गर्दी. अशात काकांना पालघरहून एका मेडिकलवाल्या मित्राचा फोन आला.

"चुरी, तुझ्या दुकानाची तक्रार गेलीय म्हणे. लेन्सचं कायतरी हाय. कुठल्या तरी मुलीच्या डोळ्याला झालंय. इन्स्पेक्शन येईल, तयारीत रहा."

कोण मुलगी, कुठला डोळा, काय झालं, त्याला काही माहीत नव्हतं. काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "कोणाला दिलीस गं?"

नोंदणी रद्द झाली तर दुकानातली लेन्सची विक्री बंद, आणि माझ्या नावाला कायमचा डाग. पण खरं सांगू? त्यापेक्षाही ती मुलगी डोळ्यांसमोरून हलेना. मी दिलेल्या लेन्सने कुणाचा डोळा गेला असेल तर?

मी कॉम्प्युटर उघडला आणि आमच्याकडून लेन्स नेलेल्या एकेका मुलीला फोन लावायला सुरुवात केली. "डोळा बरा आहे ना? लाल नाही ना? पाणी येत नाही ना?" सगळ्यांचं उत्तर एकच, बरा आहे. मला वाटलं, सुटले. पण दुपारनंतर त्याच मुली एकेक करून दुकानात यायला लागल्या. कोणी आईला घेऊन, कोणी मैत्रिणीला. "मॅडम, लेन्समध्ये काही प्रॉब्लेम निघालाय का? कंपनीने परत मागवल्यात का?" एकीने तर घाबरून डोळे इतके चोळले होते, की खरंच लाल झाले होते.

रेखाताईंनी बाकड्यावरची गर्दी बघितली आणि हळूच मला म्हणाल्या, "मॅडम, तक्रार एकच होती. तुमी आता डझनभर करून ठेवाल!"

*

काकांची घाबरायची पद्धत वेगळी. ते हातपाय चालवतात.

दारात निळ्या डोळ्यांच्या बाईचं एक मोठं पोस्टर होतं. लेन्सच्या कंपनीने दिलेलं, त्यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. तसं मी काकांना समजावून सांगितलं.

"कायदेशीर असू दे," काका म्हणाले, "पण ती बाई जरा जास्तच बघते!"

पोस्टर उतरवलं. आता झालं असं, की दुकानाला रंग दिला त्याच्या आधीपासून ते तिथे होतं, आणि रंगाऱ्याने ते न काढताच आजूबाजूने ब्रश फिरवला होता. पोस्टरच्या जागी जुना गुलाबी चौकोन लख्ख उठून दिसायला लागला. काकांनी त्यावर कॅलेंडर लावलं. कॅलेंडर अरुंद, चौकोन रुंद. दोन्ही बाजूंनी गुलाबी पट्टे दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी एक नेहमीचे गिऱ्हाईक आले आणि दारातच थबकले. "काका, इथे एक बाई होती ना? कुठे गेली?"

काका ताडकन उभे राहिले. "कोण बाई? आमच्याकडे कोणी बाई नव्हती!"

रेखाताई काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागल्या, त्या बऱ्याच वेळाने वर आल्या.

*

आणि मग तो माणूस आला.

सफारी, काळी बॅग, खिशाला पेन. आत आल्यावर त्याने आधी दुकानाच्या नावाची पाटी वाचली, मग सर्टिफिकेट वाचलं, मग चष्मा वर करून पुन्हा सर्टिफिकेट वाचलं. "कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल जरा माहिती हवी होती."

काकांनी मला डोळ्यांनी खूण केली आणि स्वतः शहाळं आणायला धावले.

मी सुरू झाले. लेन्स कुठे ठेवतो, बॅच नंबर कसा बघतो, एक्स्पायरीचे डबे कसे वेगळे काढतो. डोळा तपासल्याशिवाय देत नाही. वर्ष उलटलेला नंबर चालवत नाही. घालता येते एवढ्यावर सोडत नाही, माझ्यासमोर काढून दाखवता आली तरच देतो. हात धुतल्याशिवाय लावायची नाही, लावून झोपायचं नाही, पोहायचं नाही, नळाच्या पाण्याने धुवायची नाही. डोळा लाल झाला तर काढून टाकायची आणि डॉक्टरांकडे जायचं. नाही गेलं तर बुबुळावर जखम होते, ती चिघळते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर नजर...

तो मान डोलवत सगळं शांतपणे ऐकत होता. शहाळं संपवलं, तोंड पुसलं, बॅग उघडली. बॅगेतून त्याने चष्म्याचं घर काढलं.

"याचा स्क्रू जरा घट्ट करून द्या. मी मासवणला शिक्षक आहे. मुलगी कॉलेजला गेल्यापासून लेन्सचा हट्ट धरून बसली होती, म्हटलं चौकशी करून यावं." तो उठला आणि मला मनापासून हात जोडले. "फार बरं झालं मॅडम. विकणारं माणूसच एवढं घाबरतंय म्हटल्यावर आपण कशाला? तिला चष्माच बरा!"

तो गेल्यावर काका रिकाम्या शहाळ्याकडे बघत बसले. "शहाळं पण गेलं आणि गिऱ्हाईक पण गेलं."

*

त्या दिवसांत दुकानात कोणीही तरुण मुलगी आली की मी तिच्या डोळ्यांकडे आधी बघायची आणि चेहऱ्याकडे नंतर. तक्रार करणारी हीच तर नसेल? अशात एक पार्लरवाल्या ताई आल्या. त्यांना ग्रे, ग्रीन आणि हेझल अशा तीन रंगांच्या लेन्स हव्या होत्या.

"कोणासाठी?"

"स्टॉकला. ब्राइड मेकअपला लागतात."

मी सांगितलं, असं देता येत नाही. ज्याच्या डोळ्यात जाणार, त्याचा डोळा मी आधी बघणार, नंबराची चिठ्ठी करणार.

"अहो पण नंबर शून्य आहे! शून्याला कसली चिठ्ठी?"

हा वाद मी रोज घालते, त्यामुळे उत्तर पाठ आहे. "ताई, नंबर शून्य असतो. डोळा शून्य नसतो."

त्यांना राग आला. "मी काय अशीतशी आहे का? माझ्याकडे एक जोडी आहे ना आधीची. प्रत्येक ब्राइडनंतर धुऊन ठेवते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "प्रत्येक म्हणजे? एकच जोडी?"

"हो, पण गुलाबपाण्याने धुते!"

फोनवरचं ते वाक्य आठवलं, कुठल्या तरी मुलीच्या डोळ्याला झालंय. मी विचारलं, "ताई, आतापर्यंत किती जणींना लावली ही जोडी?"

त्या माझी समजूत काढायला लागल्या. "घाबरू नका हो मॅडम, सगळ्यांना नाही लावत! फक्त महागड्या एचडी पॅकेजवाल्यांना!"

मी त्यांना तसंच रिक्षात बसवून जोडी घेऊन यायला लावलं. डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनखाली ती लेन्स धरली आणि म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं. कडेला फाटलेली, वर पिवळट थर, त्यात काजळाचे कण. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, जरा माझे पण डोळे तपासा. भावाच्या हळदीला मीच घातली होती."

*

बोईसरला दुकान म्हणजे कंपनीवाले गिऱ्हाईक आलंच. एक पोरसवदा माणूस आला, सालवडला खोली करून राहणारा, उत्तरेकडून आलेला. त्याला नंबरच्या लेन्स हव्या होत्या, आणि लगेच हव्या होत्या.

मी नेहमीचं विचारलं. "काम क्या करते हो?"

"ऑफिस में हूँ, मॅडम."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडा पिवळ्याजर्द होत्या. "ऑफिस में कौन सा रंग लगता है?"

तो ओशाळून हसला आणि मग सगळं बोलला. केमिकलच्या प्लांटमध्ये कामाला. सेफ्टी गॉगल लावायचा तर आत चष्मा मावत नाही, मावला तर वाफ धरते आणि समोरचं काही दिसत नाही. लेन्स लावून प्लांटमध्ये जायला कंपनीची सक्त मनाई, कारण काही उडालं तर लेन्सच्या मागे अडकतं आणि डोळा धुवायला मिळत नाही.

"माहीत आहे ना मनाई आहे? फिर?"

"चश्मा होता तो सेफ्टीवाले को दिख जाता. लेन्स दिखता नहीं, मॅडम. इसीलिए तो ले रहा हूँ!"

मी त्याच्यावर इतकी ओरडले की काका आतून बाहेर आले. मला भीती वाटली की चिडायला येतं आधी, मग रडायला. नाही म्हणून त्याला परत पाठवला असता तर तो दुसरीकडून घेऊन दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये गेला असता. म्हणून मग आम्ही नंबरच्या काचा बसवलेला सेफ्टी गॉगल करून दिला. वाफ धरत नाही अशी काच, बाजूने झाकलेला. काकांनी कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलून तो चालेल याची खात्री करून घेतली.

पुढच्या सुट्टीला तो चार दोस्तांना घेऊन दुकानात हजर. सगळ्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या. सगळ्यांना पुढे करून म्हणाला, "मॅडम, ये सब लेन्स माँगने आए हैं. इनको भी मत दीजिए!"

*

बेटेगावचा एक मुलगा नियमित तपासणीला यायचा. लेन्स नेल्यावर तपासणीला बोलावते मी सगळ्यांना, येतात मात्र थोडे. हा न चुकता यायचा म्हणून मला त्याचं कोण कौतुक. रेखाताईंना मी त्याचं उदाहरण द्यायची.

त्या दिवशी मशीनवर त्याचा उजवा डोळा बघितला आणि दचकले. गेल्या खेपेला बुबुळाच्या कडेला एक बारीकशी जुनी खूण होती, लहानपणी काहीतरी लागल्याची. ती नव्हतीच! बुबुळावरची खूण अशी जात नसते. मी पुन्हा बघितलं, दिवा वाढवून बघितलं. मला वाटलं, तक्रारीच्या काळजीने मलाच दिसेनासं झालंय.

"तुझ्या या डोळ्याला लागलं होतं ना लहानपणी?"

"मला नाय मॅडम. भावाला."

"भाऊ?"

"जुळे हाव आमी. मागल्या वेळी तो आलता. आज माझी पाळी."

मग बाकीचं बाहेर आलं. दोघं एकाच कंपनीत. एक दिवसपाळीला, दुसरा रात्रपाळीला. लेन्सची जोडी एक. हा सुटला की गेटवर डबी देतो, तो आत जाताना घालतो.

"आमी दोघं एकदम कंदी घालतच नाय," तो मला पटवून देत होता. "मंग कसली भानगड?"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे, ती लेन्स तुझ्या नावावर दिली का त्याच्या, ते तरी सांग. माझ्या कॉम्प्युटरमध्ये नाव कोणाचं आहे?

तो थोडा विचारात पडला. "ते काय सांगता येनार नाय मॅडम. नावात आमची आय पन चुकते!"

मी ती डबी काढून घेतली, दुसऱ्याला पण बोलावून दोघांचे डोळे वेगवेगळे तपासले. नंबर सारखे नव्हते. एवढे दिवस दोघांपैकी एक जण अंधुक दिसणारी पाळी करत होता, आणि त्याला वाटत होतं रात्री सगळ्यांनाच असं दिसतं.

*

आता जो सांगते त्याचं हसू मला फार उशिरा आलं.

किनाऱ्याकडच्या गावातला कॉलेजचा मुलगा. आमच्याकडूनच लेन्स नेलेला, कॉम्प्युटरमध्ये माझ्या सहीने नोंदलेला. तो दुकानात आला तो रुमालाने डोळा दाबूनच. उजेडात डोळा उघडेना. मी पापणी वर केली, डोळा लालभडक, आणि बुबुळावर एक पांढुरका ठिपका.

झालं, म्हटलं. तक्रार मुलीची होती, पण हा तर माझाच.

"लेन्स कशात ठेवलीस?"

वडिलांबरोबर बोटीवर गेला होता. सोल्युशनची बाटली लाटेने पडली. "तुमी बोलल्या व्हत्या ना मॅडम, त्यात मिठाचं पानीच असते म्हनून. मंग भोवती सगला तेच व्हता. डबी बुडवली न् भरली."

मी पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. काकांनी दुकान तसंच टाकलं, त्याला गाडीत घातलं आणि स्वतः घेऊन गेले. ते परत येईपर्यंत मी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. रेखाताईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. संध्याकाळी काकांचा फोन आला. जखम वरवरची आहे, वेळेवर आणला, डोळा वाचेल. तेव्हा मी बाकड्यावर बसून रडले, थांबलेल्या गिऱ्हाइकांसमोर.

डोळा बरा झाल्यावर त्याची आई दुकानात आली. हातात बोंबलांची पिशवी. मला वाटलं आभार मानायला आली असेल. तिने पिशवी काउंटरवर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, आमी जल्मापासून त्या पान्यात हाव. माजा बापूस त्याच पान्यात, माजा दादला त्याच पान्यात. कोनाचा डोला गेला नाय. तुमची लेन्सच कच्ची हाय!"

आणि ती निघून गेली. काका म्हणाले, तक्रार करायची तर हिने करावी, हिला शोभेल. रेखाताईंनी बोंबील आधी आत नेऊन ठेवले, मग हसल्या.

*

खरं इन्स्पेक्शन आलं ते असं आलं, की आम्हाला कळलंच नाही.

दुपारची वेळ होती. एक साध्या साडीतल्या बाई आल्या, खांद्याला झोळी. रेखाताई म्हणाल्या, "ताई, बसा. दोन जणांनंतर तुमचा नंबर." बाई मुकाट्याने बाकड्यावर बसल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी औषध प्रशासनाचं ओळखपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

काकांना शहाळ्याची आठवण राहिली नाही. ते सर्टिफिकेटखाली जाऊन उभे राहिले.

इन्स्पेक्टर मॅडमनी सगळं बघितलं. बिलं बघितली, डबे उघडून बॅच नंबर ताडून पाहिले, एक्स्पायरीचं कपाट बघितलं. मी नंबर कसा काढते, लेन्स कशी शिकवते, ते विचारलं. मी एकेकाचं उत्तर दिलं. शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं.

"सगळं व्यवस्थित आहे. तक्रार काय आहे, ते माहीत आहे तुम्हाला?"

काका पुढे झाले. "मॅडम, देवाशपथ सांगतो. आमी डोळा तपासल्याशिवाय कोणाला लेन्स दिली नाय. एका माणसाला पण नाय."

"तेच," इन्स्पेक्टर मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लेन्स दिली नाही, अशी तक्रार आहे."

मग काका खुर्चीत बसले आणि हसत सुटले. "हात्तिच्या! दिली नाय म्हणून? दिली नाय म्हणून तक्रार!" रेखाताई हसल्या. मलाही हसू फुटलं. इतके दिवस छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं, ते एकदम हलकं वाटलं. काकांनी समोरच्या दुकानातून सगळ्यांसाठी सोडा मागवला.

इन्स्पेक्टर मॅडम मात्र हसल्या नाहीत. "त्या मायलेकी बाहेर रिक्षात बसल्यात," त्या म्हणाल्या. "मीच बोलावलंय. तुमच्यासमोर एकदा बोलणं झालेलं बरं."

आई पुढे आली, मागून मुलगी. मुलीच्या डोळ्यांवर काळा गॉगल. मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, "मॅडम" म्हणाली तेव्हा आवाजावरून ओळखलं. एका कंपनीत पॅकिंगला होती. मागे साखरपुड्यासाठी राखाडी लेन्स मागायला आली होती. तेव्हा तिच्या पापण्या आतून सुजलेल्या होत्या, खाज इतकी की बोलता बोलता ती डोळे चोळत होती. अशा डोळ्यात लेन्स घालणं म्हणजे जखमेला आमंत्रण. मी म्हटलं होतं, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव, त्यांची चिठ्ठी आण, मग मी देते.

"साखरपुडा रविवारी हाय, मॅडम," ती म्हणाली होती. आईनेही हात जोडले होते. मी नाही म्हटलं होतं. पुन्हा कोणी तसे डोळे घेऊन आलं, तर पुन्हा नाहीच म्हणेन.

आई आता माझ्यासमोर उभी होती. आवाज चढवला नाही तिने. "तुमी दिली असती तर चांगली दिली असती. कशी घालायची, कवा काढायची, सगळं सांगितलं असतं. तुमी नाय दिली, म्हनून तिनं मैत्रिणीची घातली. दमून तशीच झोपली पोर."

काकांचं हसू कधीच विरलं होतं. रेखाताईंनी हळूच विचारलं, "लग्न?"

"पुढं ढकललंय," आई म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं.

सोडा आला. पोऱ्या ग्लास ठेवून गेला, कोणी हात लावला नाही. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जे बोलण्यासारखं होतं ते सगळं कायद्याचं होतं. कायदा माझ्या बाजूने होता.

मुलीने गॉगल काढला. एका डोळ्यात, काळ्या बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग, दारातून कोणी बघितलं असतं तरी दिसला असता. कोणी सांगायच्या आत ती माझ्या खुर्चीत जाऊन बसली. हनुवटी मशीनवर टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. मग आठवण झाल्यासारखी मागे सरकली, पर्स उघडली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर ठेवला. वर तिचं नाव, खाली सही, शिक्का, आणि मध्ये डाग झाकणाऱ्या रंगीत लेन्सचा नंबर.

"चिठ्ठी आणलीय, मॅडम," ती म्हणाली. "आता तरी द्याल ना?"